टॅटू आणि पिअर्सिंग करताना त्वचेचा संसर्ग कसा टाळावा: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

टॅटूची सुई बाह्यत्वचा भेदून साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेपर्यंत पोहोचते आणि एका मध्यम आकाराच्या कामात हे हजारो वेळा घडते. पिअर्सिंगमध्ये छिद्र एकच असले तरी ते बहुधा आरपार असते आणि त्यात धातूचा दागिना कित्येक महिने बसून राहतो. दोन्ही कामांत आपण जंतूंना अडवणारा त्वचेचा पडदा जाणूनबुजून उघडतो, आणि तो पुन्हा मिटेपर्यंत त्या जखमेची जबाबदारी काम करणाऱ्यावर आणि करवून घेणाऱ्यावर मिळून असते. हा लेख मुख्यतः काम शिकू लागलेल्यांसाठी आहे. मात्र टॅटू काढून घेणाऱ्यानेही तो वाचावा, म्हणजे समोर काय चालले आहे ते त्याला ओळखता येईल.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावी. नवी, सीलबंद, एकदाच वापरायची सुई आता सर्वत्र मिळते आणि बहुतेक जण तीच वापरतात, त्यामुळे 'सुई नवी आहे ना?' हा प्रश्न विचारला की सुरक्षिततेचा विषय संपला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात संसर्ग पुष्कळदा येतो तो सुईच्या आसपासच्या गोष्टींतून. हातमोजे घातलेल्या हाताने उचललेला मोबाइल, पुन्हा पुन्हा भरलेली फवाऱ्याची बाटली, शाई पातळ करायला वापरलेले पाणी आणि घरी गेल्यावर जखमेला लागलेला न धुतलेला हात ही त्याची नेहमीची वाट आहे. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका विचारावर उभ्या आहेत.

कोणाचे काम पुढे ढकलावे

ग्राहक खुर्चीत बसण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीची विचारपूस करून ती लिहून ठेवावी. साखर नियंत्रणात नसलेला मधुमेह, जन्मजात हृदयविकार किंवा बसवलेली कृत्रिम झडप, यकृताचा जुना आजार, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मुरमांसाठी घेतले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय काम करू नये. हृदयाच्या झडपेचा दोष असलेल्या व्यक्तीच्या रक्तात टोचलेल्या जागेतून जंतू शिरले, तर ते झडपेवर जाऊन बसू शकतात आणि तो आजार जिवावर बेततो. गरोदरपणात थांबणेच शहाणपणाचे. ज्या जागी पुरळ, इसब, फोड, ओरखडा किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल, त्या जागेवर ती पूर्ण बरी होईपर्यंत सुई लावू नये. आधीच्या जखमांवर जाड, वाढत जाणारे व्रण उठत असतील, तर तसे होण्याची शक्यता पुन्हा आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

ग्राहक नाराज होईल या भीतीने नवशिके अशा वेळी 'बघू, करून टाकू' म्हणतात. नकार देता येणे हा या कामातल्या कौशल्याचाच भाग आहे असे मी मानतो, आणि ज्या शिकाऊला तो देता येत नाही त्याच्या हातात मशीन देण्याची घाई करू नये.

शिकाऊने स्वतः हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. तिचे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी दिले जातात. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान ७ दिवस टिकून राहू शकतो, म्हणून टेबलाच्या कडेला राहिलेला न दिसणारा थेंबसुद्धा दुसऱ्या ग्राहकापर्यंत आजार पोहोचवू शकतो. धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का, हेही पाहावे.

कामाची जागा मांडणे

जागेत वाहत्या पाण्याचे बेसिन, द्रवरूप साबण, कागदी रुमाल, पायाने उघडणारी कचरापेटी आणि सुया टाकायचा टणक डबा असावा. टेबल, खुर्ची आणि हात टेकायची पट्टी यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि न शोषणारा हवा. कापडी गादी किंवा कच्चे लाकूड या कामाला चालत नाही, कारण त्यात मुरलेले रक्त पुसून निघत नाही.

पृष्ठभागाची स्वच्छता दोन टप्प्यांत होते. आधी साबणाच्या पाण्याने मळ आणि रक्त पुसून काढायचे आणि मग जंतुनाशक लावायचे. मळाखाली दडलेल्या जंतूंपर्यंत जंतुनाशक पोहोचत नाही. जंतुनाशकाच्या बाटलीवर किती मिनिटे पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे ते लिहिलेले असते, आणि तेवढा वेळ थांबणे अत्यावश्यक आहे. फवारून लगेच पुसून टाकले, तर काम झाल्याचे केवळ समाधान मिळते. रक्त सांडलेल्या जागेसाठी घरगुती ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग असे द्रावण करून ते १० मिनिटे राहू द्यावे. ते रोज ताजे करावे, कारण ठेवलेल्या द्रावणाचा जोर कमी होत जातो.

त्यानंतर हात लागणारी प्रत्येक वस्तू झाकावी. मशीन, तिची वायर, पॉवर सप्लायची बटणे, दिव्याचा दांडा, फवाऱ्याची बाटली आणि हात टेकायची पट्टी या सर्वांवर एकदाच वापरायचे प्लास्टिकचे आवरण चढवावे. लागतील तेवढ्या शाईच्या टोप्या (शाई ओतायच्या छोट्या वाट्या), कागदी रुमाल, मलम आणि सुया आधीच काढून ठेवाव्यात. मलम डबीत बोट घालून घेऊ नये, लाकडी पट्टीने लागेल तेवढे काढावे आणि ती पट्टी पुन्हा डबीत बुडवू नये.

हात आणि हातमोजे

काम करणाऱ्याकडे दहा मिनिटे नीट लक्ष दिले, तर संसर्गाची वाट कशी तयार होते ते डोळ्यांसमोर दिसते. उजव्या हातात मशीन आहे, डाव्या हाताने त्वचा ताणलेली आहे आणि मोज्याच्या बोटांवर शाई आणि रक्त मिसळलेला पातळ थर आहे. मध्येच दिवा थोडा वळवावासा वाटतो, चष्मा नाकावरून घसरतो, फोन वाजतो किंवा काढून ठेवलेली शाई कमी पडते आणि कपाट उघडावे लागते. त्या प्रत्येक स्पर्शाने रक्त तिकडे जाते आणि तिकडचे जंतू परत जखमेत येतात. मोजे घातलेले असल्यामुळे आपण स्वच्छ आहोत असे हाताला वाटत राहते, ही यातली खरी अडचण आहे. मोजा काम करणाऱ्याच्या कातडीचे रक्षण करतो. ग्राहकाचे रक्षण तो कुठे कुठे लागला यावर ठरते.

म्हणून नियम असा ठेवावा की झाकलेल्या किंवा निर्जंतुक वस्तूंखेरीज कशालाही हात लागला तर मोजे बदलायचे. लागलेला हात पुसून घेतला किंवा मोज्यांवरच सॅनिटायझर चोळले, तर ते बदलल्यासारखे होत नाही. मोजे काढल्यावर प्रत्येक वेळी हात धुवावेत, कारण मोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि काढताना बाहेरची बाजू हाताला लागते. साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि अंगठे यांसह किमान २० सेकंद हात चोळावेत, कागदी रुमालाने कोरडे करावेत आणि त्याच रुमालाने नळ बंद करावा. नखे बारीक कापलेली असावीत आणि अंगठ्या, घड्याळ व कडी काढून ठेवावीत.

मोजे नायट्राइलचे घ्यावेत. लॅटेक्सची अनेकांना ॲलर्जी असते, शिवाय पेट्रोलियम जेली लागली की लॅटेक्स कमकुवत होते आणि टॅटूच्या कामात ती सतत वापरली जाते. काम करणाऱ्याच्या हातावर स्वतःच फोड किंवा उघडी जखम असेल, तर त्याने त्या दिवशी काम करू नये. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्वचेच्या संसर्गातील सर्वांत नेहमीचा जंतू निरोगी माणसाच्या नाकातही राहतो, म्हणून मास्क लावणे आणि काम चालू असताना चेहऱ्याला हात न लावणे या सवयी पहिल्या दिवसापासून अंगी बाणवाव्यात.

शाई आणि पाणी

शाई बाटलीतून प्रत्येक ग्राहकासाठी नव्या टोपीत ओतून घ्यावी, बाटलीचे तोंड टोपीला किंवा मोज्याला लागू देऊ नये आणि उरलेली शाई टोपीसकट फेकून द्यावी. शाई महाग असते म्हणून उरलेली बाटलीत परत ओतणारे लोक आहेत. त्यांच्याकडून काम शिकू नये.

पाण्याची बाब नवशिक्यांना पटायला वेळ लागतो. राखाडी छटा मिळवण्यासाठी काळी शाई पातळ करावी लागते आणि हाताशी नळाचे, बाटलीतले किंवा डिस्टिल्ड पाणी असते. पिण्यास योग्य असलेले पाणी अंतस्त्वचेत टोचण्यास योग्य असतेच असे नाही. डिस्टिल्ड पाण्यातून क्षार काढलेले असतात, पण ते निर्जंतुक असेलच याची खात्री नसते. पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरियम चिलोनी यांसारखे जंतू पोटात गेले तर सहसा काही करत नाहीत, त्वचेत टोचले गेले तर मात्र महिनोन्महिने पिच्छा सोडत नाहीत. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढून घेतलेल्या १९ जणांच्या त्वचेवर असे पुरळ उठले. आर्टिस्टची स्वच्छता दोषी नव्हती. कंपनीकडून तयार आलेल्या राखाडी शाईतच जंतू होते. त्यामुळे फक्त 'निर्जंतुक' असे स्पष्ट लिहिलेले, सीलबंद, छोट्या मापाचे पाणी वापरावे, उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये आणि शाई विश्वासू विक्रेत्याकडूनच, निर्मिती क्रमांक व मुदत पाहून घ्यावी.

हीच काळजी साबणाच्या फवाऱ्यालाही लागू होते. अर्धी रिकामी बाटली वरून भरत राहिल्यास तळाशी जंतूंचा चिकट थर जमतो, विशेषतः स्यूडोमोनासचा, आणि काही सौम्य जंतुनाशकांमध्येही हा जंतू तग धरतो. बाटली पूर्ण रिकामी करून, धुऊन, कोरडी करूनच पुन्हा भरावी.

ऑटोक्लेव्ह

सुया, कार्ट्रिज (सुई बसवलेली बदलायची नळी) आणि ग्रिप (मशीन धरायची मूठ) सर्व एकदाच वापरायचे असतील तर ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने साधने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, गरज फारशी उरत नाही, आणि नवशिक्याने शक्यतो तसेच काम करावे असा माझा आग्रह आहे. पुन्हा वापरायची साधने असतील, तर ती आधी ब्रशने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ करावीत, वाळवावीत, पाउचमध्ये बंद करावीत आणि १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली ३० मिनिटे वाफेत ठेवावीत. पाउचवरची पट्टी रंग बदलते, पण त्यावरून उष्णता लागली एवढेच समजते. यंत्र खरोखर जंतू मारते का हे बीजाणूंच्या (जंतूंच्या सर्वांत चिवट रूपाच्या) चाचणीनेच कळते आणि ती ठरावीक अंतराने केलीच पाहिजे. पाण्यात उकळणे, स्पिरिटमध्ये बुडवणे किंवा निळ्या अतिनील दिव्याच्या कपाटात ठेवणे यांपैकी कशानेही साधन निर्जंतुक होत नाही.

प्रत्यक्ष काम करताना

केस काढायचे असल्यास नवा रेझर वापरून लगेच टाकून द्यावा. त्वचा साबणाने पुसावी, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडीन लावावे आणि ते आपोआप वाळू द्यावे. क्लोरहेक्सिडीन डोळ्यांजवळ किंवा कानाच्या आत जाऊ देऊ नये. स्टेन्सिलचे (नक्षीचा ठसा त्वचेवर उमटवायचे) द्रव कागदी रुमालावर घेऊन लावावे, त्याची कांडी थेट त्वचेवर फिरवू नये. सुईचे पाकीट ग्राहकासमोर उघडावे आणि त्याला मुदत दाखवावी. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा घासल्याने त्वचेचा लगदा होतो आणि अशी त्वचा संसर्गाला लवकर बळी पडते, म्हणून हात बसेपर्यंत छोटी कामेच घ्यावीत.

पिअर्सिंगचे वेगळेपण

टोचण्यासाठी पोकळ, एकदाच वापरायची सुई घ्यावी. स्प्रिंगची पिअर्सिंग गन बोथट दागिना जोराने दाबून आत घुसवते, आणि तिचे प्लास्टिकचे भाग बहुधा ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाहीत. कानाच्या वरच्या कूर्चेवर (लवचिक, मऊ हाडासारख्या भागावर) तर ती कधीही वापरू नये. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती भोवतालच्या पातळ आवरणाकडून पोषण घेते. तिथे स्यूडोमोनासचा संसर्ग झाला, तर कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका विक्रीकेंद्रावर कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्या सात जणांना हा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले आणि त्याचा माग जंतुनाशकाच्या फवाऱ्यापर्यंत पोहोचला. वर बाटलीविषयी एवढे लिहिले ते यासाठीच.

पहिला दागिना इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवण्यास योग्य अशा, टायटॅनियमचा असावा. त्यावर एएसटीएम एफ-१३६ असे मानक दिलेले असते. निकेल सोडणाऱ्या स्वस्त धातूने होणारी खाज आणि ओल अनेकदा संसर्ग समजली जाते, आणि अशी सतत ओली राहणारी जखम पुढे खरोखर जंतूंना वाव देते. दांडी सूज सामावून घेईल इतकी लांब हवी, नाहीतर दागिना मांसात रुतत जातो.

काम संपल्यावर

वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नये, वाकवू नये, थेट टणक डब्यात टाकावी आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा. रक्ताचा कचरा वेगळ्या पिशवीत जावा. स्वतःला सुई टोचली, तर ती जागा पिळू नये, चोखू नये, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर घ्यावीत तितकी उपयोगी पडतात.

घरी घ्यायची काळजी

सूचना तोंडी सांगून पुरत नाहीत, त्या छापून हातात द्याव्यात, कारण काम संपल्यावर थकलेल्या माणसाच्या लक्षात फार थोडे राहते.

टॅटूवरची पहिली पट्टी किती वेळ ठेवायची ते तिच्या प्रकारावर ठरते. साधी पट्टी काही तासांत काढतात, तर चिकट पारदर्शक फिल्म काही दिवस ठेवता येते. मात्र फिल्मची कड सुटून आत पाणी गेले किंवा गढूळ द्रव साचला, तर ती लगेच काढावी. त्यानंतर दिवसातून दोनदा, आधी हात धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने टॅटू धुवावा, कागदी रुमालाने टिपून कोरडा करावा आणि बिनवासाच्या मलमाचा अगदी पातळ थर लावावा. जाड थराखाली त्वचा ओलसर राहते आणि पुटकुळ्या येतात. खपली काढू नये, खाजवू नये. वरची त्वचा भरून यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि तोवर पोहण्याचा तलाव, नदी, समुद्र, टबमध्ये बसून अंघोळ आणि कडक ऊन टाळावे. शॉवरखाली अंघोळ चालते. समुद्राच्या पाण्याबाबतची सूचना हलक्यात घेऊ नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत, टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेला एक तरुण व्हिब्रिओ व्हल्निफिकस या समुद्री जंतूच्या संसर्गाने दगावल्याचे नमूद आहे. त्याला यकृताचा जुना आजार होता.

पिअर्सिंगला दिवसातून एकदोनदा ०.९ टक्क्याचे निर्जंतुक सलाइन फवारावे, सुटलेली पापडी ओल्या कागदी रुमालाने अलगद काढावी आणि जागा कोरडी ठेवावी. अल्कोहोल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती लेप वापरू नयेत, कारण नव्याने भरणारी पेशीही त्यांनी मरते. दागिना गोल फिरवत राहायचा ही जुनी समजूत सोडून द्यावी, प्रत्येक फिरवण्याने जखम आतून पुन्हा फाटते. कानाची पाळी ६ ते ८ आठवड्यांत भरते, जीभ ४ ते ६ आठवड्यांत, पण कूर्चा आणि बेंबी यांना ६ महिने ते वर्ष लागू शकते. बाहेरून बरे दिसले तरी आतली नळी कच्ची असते, म्हणून दागिना बदलण्याची घाई करू नये.

बिघडल्याचे कसे ओळखावे

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, ऊब, सूज आणि पातळ पिवळसर स्राव अपेक्षित असतो, आणि तो दिवसेंदिवस कमी होत जातो. उलट तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरू लागली, ठणका वाढला, दाट हिरवट-पिवळा पू आला किंवा दुर्गंधी सुटली, तर डॉक्टरांना दाखवावे. लालीच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवली, तर ती पुढे सरकते आहे का हे काही तासांत समजते. ताप, थंडी वाजणे, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ किंवा जखमेच्या मानाने असह्य वेदना दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पिअर्सिंग पिकले म्हणून दागिना स्वतः काढू नये. छिद्र वरून मिटते, पू आत कोंडतो आणि गळू होते. काढायचा की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणेही धोक्याचे आहे.

काही संसर्ग उशिरा डोके वर काढतात. दोन-तीन आठवड्यांनी, टॅटू भरून आल्यावर, फक्त राखाडी छटेच्या भागात लालसर बारीक गाठी उठल्या तर मायकोबॅक्टेरियाची शंका घ्यावी. नेहमीच्या औषधांनी त्या जात नाहीत, त्वचेचा तुकडा तपासावा लागतो, म्हणून टॅटू कधी काढला आणि कोणती शाई वापरली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ही माहिती देता यावी यासाठी प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी. तारीख, ग्राहकाचे नाव, जागा, शाईचा रंग आणि निर्मिती क्रमांक, सुईचा निर्मिती क्रमांक आणि ऑटोक्लेव्हच्या फेरीचा क्रमांक एवढे त्यात असले पाहिजे. एखाद्याने गाठी उठल्याचे कळवले की वहीतून शाईची बाटली शोधावी, ती वापरातून बाजूला काढावी, पण फेकू नये, कारण ती तपासणीसाठी लागू शकते, आणि त्याच बाटलीतून काम झालेल्या इतर सर्वांना त्याच दिवशी फोन करून त्वचा पाहायला सांगावे.